रेडिओबाईंचा चौथा प्रश्न

आमच्या रेडिओबाईंकडे स्वतःचा रेडिओ नव्हता. खरंच नव्हता! श्रीरामपूरला चर्चच्या मागच्या आळीत त्यांची दीड खोली, आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानातला रेडिओ भिंतीतून जेवढा येईल तेवढा त्या ऐकायच्या. "भिंतीतून ऐकणारी बाईसुद्धा श्रोताच गं," त्या म्हणायच्या, "फक्त तिला कोणी मोजत नाही."

मी नववीत होते तेव्हा त्या आमच्या शाळेत आल्या. पॅसेंजरनं पुणतांब्याला उतरायच्या आणि तिथून सायकल हाणत आमच्या गावाला. बाई माणूस सायकलवर! पहिले आठ दिवस पारावरची माणसं नुसती बघत बसायची. बाई त्यांच्यासमोरून जाताना मुद्दाम घंटी वाजवायच्या. कोणी आडवं आलेलं नसताना.

शनिवारचा शेवटचा तास मुलींना शिवणकामाचा असायचा. बाईंनी पहिल्याच शनिवारी सुया-दोरे पेटीत ठेवायला लावले आणि फळ्यावर एक मोठा चौकोन काढला. म्हणाल्या, "मुंबईत आता असा डबा आलाय, त्यात बोलणारा माणूस दिसतो. उद्या तो आपल्याकडेही येईल. यायच्या आधी विचारून ठेवू या, ह्याच्या आत काय दाखवायचं ते ठरवतो कोण? आणि त्याला आपण ठाऊक आहोत का?" टेलिव्हिजन कोणी पाहिलाय इथं! मग त्या रेडिओवर आल्या. रेडिओवर एका साबणाची जाहिरात सारखी लागायची. बाई म्हणाल्या, तो साबण दुकानातून आणा. आम्ही गेलो. दुकानदार म्हणाला, "आपल्याकडं न्हाई मिळत त्यो. पर लई पोरी मागाया लागल्यात. आता आनावाच लागंल." परत येऊन सांगितलं तर बाई टाळी वाजवून हसल्या. "बघा! गाणं फुकट मिळतं असं वाटतं ना? गाणं ऐकायला बसलेल्या तुम्ही, तुम्हालाच साबणवाल्याला विकलंय." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिवणाच्या तासाला असं कधीच झालं नव्हतं.

मग आम्ही गावाचा अभ्यास करायचा ठरवला. कोण काय ऐकतं? वह्या घेऊन आम्ही सातआठ जणी निघालो आणि पार फजिती झाली. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, आणि गावात लायसनं चार नि रेडिओच्या तारा पंचवीस घरांवर. आम्ही वह्या घेऊन दारात उभ्या राहिलो की लोकांना वाटायचं तपासणी आली! एका आजोबांना विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे रेडिओ आहे का?"

"रेडू? कसला रेडू? आमी आपलं देवळात भजन ऐकतो, बस."

आणि मागच्या खोलीतल्या कणगीतून एक बाई खणखणीत आवाजात बाजारभाव सांगायला लागली. गडबडीत बंद करायचाच राहिला होता! आजोबा जराही न डगमगता म्हणाले, "ती आमची सून हाय. तिला लई पाठांतर."

आम्ही हसत हसत शाळेत आलो, पण बाई हसल्या नाहीत. म्हणजे आधी हसल्या, पदर तोंडाला लावून, मग गंभीर झाल्या. "चूक आपली आहे. आपण सरकारसारखं विचारलं." त्यांनी प्रश्नच बदलले. रेडिओ आहे का, हे विचारायचंच नाही. काल काय ऐकलं? कुठं बसून ऐकलं? सोबत कोण होतं? आणि चौथा प्रश्न, जो त्यांनी फळ्यावर दोनदा गिरवला: बंद कोणी केला?

"लावणारे हजार असतात," बाई म्हणाल्या, "बंद कोण करतो ते बघा. म्हणजे घर कोणाचं ते कळतं."

आणि एक नियम. वहीत नाव लिहायचं नाही. "नाव नसेल तर माणूस खरं बोलेल. पण मग आपण शब्द दिला. कोणीही विचारलं, मी विचारलं, तरी सांगायचं नाही. कबूल?" आम्ही सगळ्या ओरडलो, कबूल!

ह्या वेळी लोक बोलले. इतके बोलले की वह्या पुरेनात. सरपंचांच्या घरी मी गेले. सरपंच तालुक्याला गेले होते, त्यांच्या मंडळी, म्हणजे काकू, एकट्याच बाजरी निवडत बसल्या होत्या. सरपंच म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्षपण तेच. काकूंना मी तीन प्रश्न विचारले, त्या हं हं करत होत्या. चौथा विचारला आणि त्यांचा हात सुपातच थांबला.

"बंद कोन करतं? पोरी, गावाचा रेडू दोन वर्सं माज्या घरात हाय. सरकारनं चावडीसाटी दिलेला. समद्यांनी बसून ऐकावा म्हनून. त्यो त्या कपाटात हाय. ते असले की वाजतो, ते गेले की कुलूप. मी बटनाला हात लावलेला न्हाई." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाझर तलावाचं काम निघाल्याचं त्याच्यावर सांगितलं. मी भाकरी थापताना ऐकलं. गावातल्या बाया चार दिसांनी पोचल्या, तवर भरती झालेली. मला सांगायचं हुतं गं. पर कुटून कळलं म्हनून सांगू?"

दुष्काळाचं साल होतं ते. त्या कामावर जाता आलं नाही म्हणून कोणाच्या चुली कशा चालल्या, हे मला ठाऊक होतं. माझीच आई त्या बायांत होती. मी लिहून घेतलं. नाव लिहिलं नाही.

पंचायतीकडून दर महिन्याला वर कागद जायचा, की चावडीवर शेतकरी मंडळ जमतं, शेतीचा कार्यक्रम ऐकतं, चर्चा करतं. खाली अंगठे. बाईंनी आमच्या सगळ्या वह्यांमधून एक मोठा तक्ता करून घेतला आणि बाजाराच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात लावला. त्यातली एक ओळ अशी होती: गावाचा रेडिओ चावडीवर नाही, एका घरातल्या कपाटात कुलपात असतो.

दुपारपर्यंत अर्धा बाजार व्हरांड्यात. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला आम्ही वाचून दाखवत होतो, आणि ती ओळ जरा मोठ्यानं!

तिसऱ्या प्रहरी सरपंच आले. मोठे सर त्यांच्या मागं. सरपंचांनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, कोन बोललं ह्ये?"

"गाव बोललं."

"गावाला तोंड नसतं. नाव सांगा. माज्या घरात भांडी घासायला येती ती? का शेजारची म्हातारी?"

"नाव लिहिलेलंच नाही."

"ह्या पोरींना तर म्हाईत आसंल." त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. मी वही पाठीमागं लपवली. बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या, अगदी माझ्यासमोर. मला त्यांच्या वेणीपलीकडचं काही दिसेना.

"पोरींना मी शिकवलंय. जे विचारायचं ते मला विचारा."

मोठे सर काकुळतीला आले. "बाई, तुम्ही अजून कायम नाही आहात. एक नाव तर सांगायचंय. नाहीतर तक्ता तरी उतरवा."

"नाव सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि तक्ता मी लावलाय, मी उतरवणार नाही. तुम्हाला उतरवायचा तर उतरवा. आज बाजार आहे, सगळे बघतायत." मोठे सर तक्त्याला हात न लावता मागं सरले. सरपंचांनी बाजाराकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले. तक्ता पुढं महिनाभर तिथंच होता.

बाई मात्र नव्हत्या. पहिल्या तारखेपासून येऊ नका, असा कागद त्यांना मिळाला. आणि गंमत सांगू? सरपंचांनी गावातल्या झाडून सगळ्या बायांवर संशय घेतला. भांडीवालीला काढलं, म्हातारीशी भांडले. स्वतःच्या स्वयंपाकघराकडे त्यांनी मान वळवून बघितलंच नाही. तिथलं माणूस बोलू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येईना.

बाईंना पोचवायला मी पुणतांब्याच्या स्टेशनपर्यंत गेले. वाटभर रडत, भांडत. भांडीवालीचं काम गेलं ते मला सहन होत नव्हतं, बाईंनाही. त्यांनी तिला श्रीरामपुरात ओळखीच्या घरी कामाला लावून दिलं होतं. तरी मी म्हटलं, "मी जाऊन सांगते सगळं. तुमची नोकरी राहील."

बाई थांबल्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "नोकरी माझी आहे, ती मी घालवली. ते बोलणं तुझं आहे का? ज्या बाईनं तुझ्यावर भरवसा टाकला तिचं आहे. तिला विचारून तिनं हो म्हटलं तरच. नाहीतर मी गेले ते फुकट जाईल." मग गाडी आली. सायकल त्यांनी गार्डच्या डब्यात स्वतः चढवली, हमालाला हात लावू दिला नाही.

आता मी श्रीरामपुरात कॉलेजला आहे. बाई दुसऱ्या एका शाळेत शिकवतात आणि तिथंही शनिवारी फळ्यावर चौकोन काढतात. ह्या दिवाळीला गावी गेले तर काकूंनी मला आडबाजूला बोलावलं. मला वाटलं फराळ द्यायचा असेल.

"तू लिहितीस म्हनं. त्या मास्तरीणबाईंवर लिही."

"लिहीन की, काकू."

"आन् ते कपाटाचं मी म्हनले, असं लिही. तिनं माज्यापायी पोटावर पाय घेतला, मी गप बसले. आता बास. नाव घाल माजं."

मी घाबरले. म्हटलं, "काकू, सरपंचकाका वाचतील."

"वाचू दे. वाचता येतं त्यास्नी." आणि मी वळले तर पुन्हा हाक मारली. "आन् हे बघ, त्यांचं नाव नगं लावू माज्या म्होरं. कुलूप त्यांनी लावलं. बोलले मी."

बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, की तिनं स्वतः सांगितलं ना? मग लिही, मोठ्या अक्षरात.

त्या बाईचं नाव गुंफाबाई.