हातोहात द्यायची ठरलेली हरकत

फेब्रुवारी १९९६, सोमवार. ग्रामपंचायतीची मासिक सभा. हजर: सरपंच, उपसरपंच, तीन सदस्य, गावातले एक मेंढपाळ तात्या आणि ग्रामसेवक म्हणून मी. गैरहजर: दोन महिला सदस्य. त्यांच्या सह्या त्यांच्या नवऱ्यांनी केल्या आणि मी त्या करू दिल्या.

गाव इंदापूर तालुक्यातलं. मुंबईत काय शिजतंय, दिल्लीत काय पास झालं, हे पंचायतीला आधी कुणी कळवत नसे. म्हणून महिन्यातून दोनदा मी एस.टी.नं बारामतीला जाई, ओळखीच्या एका वकिलांकडे येणारं राजपत्र चाळी आणि आमच्या कामाचं ते वहीत उतरवून आणी. त्या खेपेला एक मसुदा सापडला. गायरान दुसऱ्या कामाला देताना ग्रामपंचायतीचा ठराव नको, नुसतं कळवलं की झालं, असं त्यात होतं. हरकतींची मुदत तीस दिवस. मी वाचेपर्यंत त्यातले अकरा गेले होते.

मी मसुदा वाचून दाखवला. तात्यांची मेंढरं त्याच गायरानावर चरत.

"भाऊसाहेब, गायरान गेलं तर मेंढरं काय चुलीपाशी बांदू?"

"इका की तात्या," उपसरपंच म्हणाले. "पोरगं माळेगावला कारखान्यात लागलंय. मेंढरामागं कुठवर पळायचं?"

"तू सरपंचामागं पळायचं सोड, मग मी बी सोडतो."

सगळे हसले. हरकत घ्यायचा ठराव एकमतानं झाला. मी तिथंच हरकत लिहिली, सरपंचांची सही घेतली. "उद्या रजिस्टर पोस्टानं टाकतो," म्हणालो.

"पोस्टात नगं," सरपंच म्हणाले. "आठ दिवसांनी पुढाऱ्यांचा सत्कार हाय. त्यांच्या हातात देऊ. फोटो बी निघंल."

"सत्कार लांबला तर मुदत जाईल."

"भाऊसाहेब, त्यांनी एक फोन लावला की मुदत थांबती."

आमच्याकडे कागद पोस्टात टाकणं म्हणजे त्याचा अपमान. तो शाल-नारळाबरोबर, फेटे बांधून, चार माणसांनी हात लावून द्यायचा असतो. सत्कार दोनदा पुढे ढकलला गेला. दरम्यान मुदत संपली. त्या दिवशी कुणी नावही काढलं नाही.

सत्कार मात्र झाला. पुढाऱ्यांनी हरकतीचं पाकीट घेतलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि न उघडताच मागच्या माणसाकडे दिलं. मांडवातून निघताना ते पाकीट मला खुर्चीवर सापडलं, हारांच्या ढिगाखाली. त्याला ओला झेंडू चिकटला होता. माणसं जेवायला बसली होती, जिलबी वाढली जात होती. मला तिथं पाणीही प्यावंसं वाटलं नाही.

पण माझी फाईल काय स्वच्छ होती? तिच्यात हरकतीची कार्बन प्रत होती. पोस्ट समोरच होतं. मुदतीत टाकता आली असती. सरपंच बिघडले तर बदली होईल, म्हणून टाकली नाही. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात 'हरकत समक्ष सादर केली' असं लिहायला सरपंचांनी सांगितलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"म्हंजी थांबलं नव्हं?" तात्यांनी विचारलं.

"थांबलं म्हणून समजा," सरपंच म्हणाले.

तात्यांनी मला हात जोडले.

वर्षभरात माझी बदली बारामती तालुक्यात झाली, सरपंचांची मर्जी सांभाळूनही. एका दुपारी तात्या तिथं मला शोधत आले. गायरानात मोजणीचे दगड रोवले होते.

"आपली हरकत गेली हुती नव्हं? तिची पोच द्या. कलेक्टरसायबांना दाखवतो. गावानं आदीच न्हाय म्हटलं हुतं, असं सांगतो."

मी चहा मागवला. "शोधून ठेवतो," म्हणालो. ते दोन एस.टी. बदलून परत गेले.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या यादीत पाच कामं आहेत. चारांवर झाल्याची खूण आहे. पाचवं: तात्यांकडे जाऊन पोच नाही हे सांगणे.