साडूंचं इंग्रजी

तार वाचायला गेलो आणि सांगण्याआधी मी पाणी मागितलं. एवढीच माझी चूक. पण ती समजायची तर आधी आमच्या साडूंना समजून घ्यावं लागेल. इंग्रजी भाषेचं जेवढं भलं आणि जेवढं वाटोळं या एका माणसानं केलं, तेवढं प्रत्यक्ष इंग्रजांनाही जमलं नसेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दारव्ह्यात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान. मॅट्रिकला इंग्रजीतच आपटलेले. मी त्याच गावात हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, नागपूरचा बी.ए., घरात उशीएवढी डिक्शनरी. तरी कुणाला इंग्रजीचं कोडं पडलं की तो जाऊन बसे साडूंच्या पोत्यावर. एकदा एकानं विचारलं, "‘नाइफ’च्या आधी तो ‘के’ कायले उभा असते?" मी तिथंच होतो. पूर्वी तो उच्चारत, मग उच्चार झिजला आणि अक्षर राहिलं, असं मी शास्त्रशुद्ध सांगितलं. विचारणाऱ्यानं जांभई दिली. साडू म्हणाले, "लग्नात थोरले जावाई नसते का बाप्पा? काम करत नाही, बोलत नाही, पन पयले त्याईले बसवा लागते!" दुकान खदखदून हसलं. पुढं माझ्या वर्गातली पोरंही त्या ‘के’ला जावाईबापू म्हणू लागली.

शब्दांची कुळी सांगताना तर त्यांना आवरणं कठीण. ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी इथूनच नेला, म्हणत. हे खरं. पण त्याच दमात ‘कॉटन’ आपल्या ‘कातणं’वरून झाला, असंही ठोकून देत. एकदा आमच्या ओसरीवर मी त्याचं मूळ अरबीत नेऊन दाखवलं तर म्हणाले, "मास्तर, कापूस आपल्या वावरात अन् शब्द अरबस्तानात? जमते का हे?" आणि माझी बायको, माझीच बायको, आतून म्हणाली, "भाऊजी म्हनतात ते पटते बरं." त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखलं, ते ओव्यानंही थांबलं नाही.

पण त्यांची खरी गादी तारेची. तार इंग्रजीत यायची, आणि तार म्हटली की घरात रडण्याची तयारी आधी. म्हणून साडूंनी एक रीत पाडली होती. तार मनात वाचायची. बातमी चांगली असेल तर ओरडायचं, "चहा मांडा!" वाईट असेल तर हळूच पाणी मागायचं, म्हणजे घरची माणसं सावरून बसत. सगळ्या पंचक्रोशीला हे ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण हेव्यापायी मी त्यांचं तार वाचणं कधी पाहायलाच गेलो नव्हतो.

एका वैशाखात साडू लग्नासाठी उमरखेडला गेले आणि जवळच्या बंजारा तांड्यावरून माणूस थेट माझ्या दारी आला. तिथल्या नाईकाचा, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचा, पोरगा फौजेत होता. तार आली होती. मी कोट चढवला. भर उन्हात कोट! दारव्ह्यात इंग्रजीचा खरा धनी कोण, याचा आज निकाल लागणार होता. अंगणात सगळा तांडा जमलेला. तार उघडली. पोरगा सुट्टीवर येत होता. घशाला अशी कोरड पडलेली, की म्हटलं, "आधी थोडं पाणी द्या."

झालं. नाईकानं डोक्यावरचा पटका उतरवला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं हंबरडा फोडला. "अहो, येऊन राह्यला तो! सुट्टीवर येऊन राह्यला!" मी कोकलतोय. एक जण माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, आता लपवून काय फायदा?"

उन्हं कलल्यावर साडू एस.टी.तून उतरले ते स्टँडवरच बोभाटा ऐकून लग्नाच्या टोपीसकट तांड्यावर आले. तार पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि आरोळी ठोकली, "चहा मांडा!" रडणाऱ्या बायका उठून नाचायलाच लागल्या. परतताना साडूंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "मास्तर, त्यातला मधला शब्द मले लागलाच नाही. काय होता हो?" मी सांगितला. घर येईपर्यंत ते तो शाळकरी पोरासारखा घोकत होते.

साडू गेले. आता गावातली पोरं यवतमाळच्या कॉलेजात जातात, त्यांना कसलंच कोडं पडत नाही. परवा बायकोला म्हटलं, आता तरी लोकांनी मला विचारायला हवं, एखादा शब्द तरी.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजीले येत नव्हतं म्हनून लोकं विचारत. तुमाले येते, हे तं तुमी कोनी विचारायच्या आधीच सांगता."