इंगळे सरांच्या वर्गात न गेलेली पोरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण मान खाली घालून सांगेन असं समजू नका — ती माझी सवय नाही.

मी कॉलेजात वाणिज्य विभागाचा प्रमुख. धाड गावच्या आठवडी बाजारात झबली-टोपरी विकत शिकलो. घासाघीस मला कुणी शिकवावी लागली नाही.

आमच्याकडे दर काही वर्षांनी प्रत्येक विभागाचं मूल्यमापन होतं. समिती वर्गात येऊन बसते आणि कोणता विभाग चालू ठेवायचा ते सुचवते. त्या दिवशी वर्ग भरलेले दिसावेत म्हणून विभाग एकमेकांना पोरं उसनी देतात. हो, पोरं! भूगोलाची इतिहासात, इतिहासाची मराठीत. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. मग त्या दिवशी खरा कोण असतो — सांगा ना?

इंगळे सर तत्त्वज्ञान शिकवायचे, विभागात एकटेच. एका मीटिंगमध्ये मी माझ्या विभागासाठी खोली मागत होतो. ते हसत म्हणाले, "सर, हे कॉलेज आहे. इथं काऊन भाव करून राह्यले?" माझीच बोली, माझीच नक्कल. सगळा स्टाफ हसला. मीही हसलो — दुसरं काय करणार होतो? पण ते हसणं मी जपून ठेवलं.

मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी तेच सर माझ्या दारात.

"वीसेक पोरं द्या हो. या वेळी वर्ग रिकामा दिसला तर विभाग बंदच करतील."

"देतो न सर. पण तुमचा प्रोजेक्टर मले लागते."

"एवढंच ना? घ्या."

सकाळी त्यांनी तो स्वतः उचलून आणला, वायरी जोडून दिल्या. माझा विभाग झकास दिसला. मग समिती त्यांच्या वर्गात गेली. तिथं त्यांची स्वतःची चार पोरं बसलेली.

संध्याकाळी भेटले. "पोरं आली नाहीत हो."

"पोराईची धाडची एसटी बंद पडली म्हन्ते, सर."

"मग तुमचा काय दोष?" म्हणाले. प्रोजेक्टरही परत नेला नाही. "राहू द्या, तुम्हाला लागतो."

विभाग बंद झाला. सरांना संस्थेच्या जळगाव जामोदच्या शाळेत पाठवलं. त्यांची खोली आज माझ्याकडे आहे. मागून मिळत नव्हती, ती अशी मिळाली. सोडणार नाही.

चारच पोरं होती, समितीला चारच दिसली — म्हणजे मी तर खरं तेच दाखवलं! कितीदा म्हटलं असेल हे स्वतःला. पण खोटेपणा त्या दिवशी सगळ्यांनीच केला. सौदा मोडला तो मी एकट्याने. माल घेऊन दाम न देता पाठ फिरवणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. मीही अशांना तेच म्हणत आलोय, तोंडावर.

एसटी त्या दिवशी वेळेवर आली होती. पोरं कँटीनमध्ये होती. मीच बसवली होती, कचोरी खाऊ घालून.