टिनावर ठेवायचा तुकडा

अकोल्याच्या एका दुकानात मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला ‘आमच्याकडचे मिस्त्री’ म्हणालो, ही गोष्ट मी घरात आजवर कुणाला सांगितलेली नाही. दादाला सांगायची गरजच नव्हती. तो माझ्या शेजारी उभा होता.

अमरावतीत आमचं कपाटांचं लहानसं दुकान होतं. वडील गेले तेव्हा दादानं चौथीतून शाळा सोडून रंधा हातात घेतला. मला मात्र त्यानं मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि वर दोन वर्षं पुण्याला नकाशे काढायला शिकायला धाडलं. मी परत आलो तो शुद्ध बोलत, इस्त्रीचा सदरा घालून. मग दुकानाच्या पाटीवर नाव माझं लागलं, गिऱ्हाइकाशी बोलायचो मी, आणि दादा मागच्या बाजूला भुशात बसून काम करायचा. ही वाटणी त्यानंच केली होती. “तू पुढं बस. मले बोलता येत नाई,” म्हणायचा. मी एकदाही ‘येतं की रे’ म्हणालो नाही.

साठ सालाच्या आगेमागे लोक प्लायवूडची कपाटं मागू लागले. प्लायवूडचं अंग गुळगुळीत असतं, पण कापलेली कड उघडी राहिली की आतले थर दिसतात आणि तिथूनच ते फुटायला लागतं. म्हणून कडेला सागाची पट्टी चिकटवावी लागते. दादा ती सरसानं चिकटवायचा, दोरी आवळून पाचरी ठोकायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू द्यायचा नाही. काम पक्कं व्हायचं, पण एका कपाटापायी आठवडा जायचा. काहीतरी साधन घ्यायला हवं, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. कोणतं, यावर नव्हतं.

दादाचं म्हणणं, आपल्याच लोहाराकडून लांब लोखंडी शिकंजे करून घ्यावेत, म्हणजे चार-सहा फळ्या एकदम आवळता येतील. मला मात्र अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडे आलेल्या यंत्राचा ध्यास लागला होता. विजेवर तापणारी लोखंडी पट्टी, वरून दाबणारे स्क्रू, आणि कड काही मिनिटांत तयार. यंत्र दुकानात दिसेल, लोक बघतील, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू?

पौषातल्या एका सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. शेठनं यंत्र चालवून दाखवलं. खरोखर, चहा संपायच्या आत पट्टी बसली. मी खूश. दादानं मात्र ती फळी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, सरसाचा वास घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “शेठ, हे उन्हायात राहीन का? एक तुकडा द्या मले. टिनावर ठेवतो. उन्हाया निंगला का मंग सांगतो घ्यायचं का नाई ते.”

यात दादाचं नवं काही नव्हतं. आमच्या घरात वडिलांपासूनची रीतच तशी होती. नवं लाकूड असो, नवा सरस असो, जोडून पाहिलेला एक तुकडा दुकानाच्या टिनावर, म्हणजे पत्र्याच्या छपरावर ठेवायचा. वऱ्हाडातला एक उन्हाळा त्यानं काढला, तरच ते काम गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. पण शेठला हे काय माहीत! तो हसला. “भाऊ, मशीन आहे हे. लोणचं नाही, उन्हात मुरवायला.” तिथे बसलेली दोन माणसंही हसली. मग शेठनं माझ्याकडे बघून विचारलं, “हे कोण तुमचे?”

दादाच्या धोतराला भुसा लागलेला होता. ‘निंगला’, ‘मंग’ हे त्याचे शब्द माझ्या कानांत खुपत होते. मी म्हणालो, “आमच्याकडचे जुने मिस्त्री आहेत. त्यांना सवय आहे तशी.”

दादानं फळी जागेवर ठेवली. परतीच्या गाडीत त्यानं फडकं सोडलं, भाकर मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. मी खिडकीबाहेर कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या बघत बसलो आणि स्वतःला समजावत राहिलो की त्याला ऐकू गेलं नसेल.

यंत्र आलं. दादानं पहिल्याच दिवशी एक तुकडा करून टिनावर ठेवला आणि म्हणाला, “आता वैशाखापावतर थांब.” मी भडकलो. “दुकान टिनावर चालतं का? लोक हसतात,” म्हणालो, शिडी लावून वर चढलो आणि तो तुकडा खाली फेकला. दादानं तो उचलून कोपऱ्यात ठेवला आणि कामाला बसला.

त्याच सुमारास एका वसतिगृहाचे गुरुजी आले. बौद्ध मुलांसाठी नव्यानं निघालेलं ते वसतिगृह. गुरुजी मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे, शहरात नवे, त्यांना आमच्या घरची काही माहिती नव्हती. मुलांसाठी पहिल्यांदाच पुस्तकं घेतली होती आणि त्यांना तीन कपाटं हवी होती. “मशीनचं काम आहे, गुरुजी. पाहत राहाल,” मी म्हणालो. फाल्गुनात कपाटं पोचवली. मुलांनी पुस्तकं लावली. सगळं छान दिसत होतं.

वैशाखात गुरुजींचा निरोप आला. आम्ही दोघं गेलो. कडेच्या पट्ट्या भाजलेल्या पापडासारख्या वर वळल्या होत्या. सरस कोरडा पडून तडकला होता, बोट लावलं की पट्टी हातात येत होती. एका कपाटाची फळी कडेनं फुटली होती आणि पुस्तकं काढून जमिनीवर सतरंजीवर ठेवली होती. गुरुजी ओरडले नाहीत. “मोठ्या हौसेनं केलं होतं आम्ही. हे झालं कसं?” एवढंच म्हणाले.

शेठचं नाव घेऊ, की उन्हावर ढकलू? मी शब्द जुळवत होतो तोच मागून दादा पुढे आला आणि त्यानं हात जोडले.

“मिस्त्री मी आहो, गुरुजी. पट्टी म्या लावली. मालकाचा दोष नाई.”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात मला म्हणाले, “माणूस प्रामाणिक दिसतो. पण हात गेला आहे त्याचा. नवा मिस्त्री पाहा.”

दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

“पाहतो,” मी म्हणालो.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, “असं काहून म्हणालास?” कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून ‘काहून’ आलं होतं. दादा पाय धूत होता. रागानं नाही, अगदी साधं म्हणाला, “तूच तं सांगतलं होतं अकोल्याले. आन् पाटीवर तुह्यं नाव आहे. ते खराब झालं तं दोघंही बुडतो.” तांब्या जागेवर ठेवून तो आत जेवायला गेला.

लोहाराकडून शिकंजे करून आणले. त्या उन्हात दादा वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तिन्ही कपाटांच्या कडा नव्यानं करत राहिला. मी रोज डबा घेऊन जायचो. रोज ठरवायचो की आज गुरुजींना सांगायचं. गुरुजी रोज समोरून जायचे, आणि मी डबा ठेवून परत यायचो. यंत्र नंतर भुशाच्या ढिगाशेजारी गंजत पडलं.

पुढे काही वर्षांनी दादा गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, अग्नी मीच दिला. तेरावं उरकून दुकान उघडलं त्या सकाळी गुरुजी आणखी एक कपाट सांगायला आले. “आधीच्या तिन्ही कपाटांची एक पट्टी हललेली नाही,” म्हणाले. “तेच मिस्त्री आहेत ना अजून? त्यांच्याच हातचं हवं.” मग त्यांचं लक्ष माझ्या भादरलेल्या डोक्याकडे गेलं.

“कोण गेलं?”

“मिस्त्री,” मी म्हणालो, आणि मग एकदाचं म्हणालो, “माझा दादा होता तो. सख्खा.”

गुरुजी बाकावर बसले. म्हणाले, “आणि मी त्यांच्यासमोर तुम्हाला नवा मिस्त्री पाहायला सांगितलं होतं.”

त्या दिवशी त्यावर मी काय म्हणालो होतो, ते गुरुजींना आठवत होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही.