शिमग्याचं बुकिंग

"मॅडम, होळीच्या सुट्टीत आमचं रिसॉर्ट पूर्ण फुल झालंय," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "तोच प्रॉब्लेम आहे."

मी ठाण्यात एका छोट्या सायबर सिक्युरिटी कंपनीत काम करते. कुणाच्या वेबसाइटवर हल्ला झाला की आम्हाला बोलावतात. आत कोण शिरलं, कुठून शिरलं, काय नेलं, हे शोधून रिपोर्ट द्यायचा. फोनवर होते निखिल सर, जव्हार-मोखाडा भागातल्या एका रिसॉर्टचे ऑपरेशन्स हेड. रिसॉर्टचं नाव सांगत नाही. क्लायंटचं नाव बाहेर बोलायचं नसतं.

झालं होतं असं. त्यांच्या साइटवर 'आल्यावर पैसे भरा' अशी सोय होती. तिचा फायदा घेऊन कुणीतरी होळीच्या सगळ्या खोल्या अडवून टाकल्या होत्या. मुंबईची खरी गिऱ्हाइकं परत जात होती. शिवाय होमपेजवरचा स्विमिंग पूलचा फोटो गायब होता. त्या जागी आटलेला झिरा, म्हणजे पाणी पाझरणारा खडकातला खळगा, भोवती हंडे घेऊन बसलेल्या बायका, आणि खाली एकच ओळ: 'आमचं पाणी इथे पोहतंय.'

पैशासाठी नाही, निषेध म्हणून केलेल्या अशा हल्ल्याला आमच्याकडे हॅक्टिव्हिझम म्हणतात. मोर्चाच तो, फक्त कंपनीच्या गेटऐवजी तिच्या वेबसाइटवर नेलेला.

"तू जव्हारचीच ना?" आमचे बॉस सामंत सर म्हणाले. "मग तूच जा."

जव्हारला आमचं घर आहे. वडील पंचायत समितीत क्लार्क होते. मी घरी बॅग टाकली आणि रिसॉर्टवर गेले.

निखिल सरांना खात्री होती की हे परदेशी हॅकरचं काम आहे. मी आधी बुकिंग बघितली. खोटी बुकिंग बहुतेक बॉट करतो. बॉट म्हणजे माणसाच्या नावाने फॉर्म भरत सुटणारा प्रोग्रॅम. तो कसलीही नावं टाकतो आणि एकाच ठिकाणाहून येतो. इथे तसं नव्हतं. भोये, वाघ, दिघा, शाळेत हजेरीला रोज ऐकलेली आडनावं. बुकिंग भिवंडीहून, वसईहून, मोखाड्याहून, वेगवेगळ्या मोबाइलवरून केलेली. मी त्यातला एक नंबर लावला.

"हां, मीच केला बुकिंग," पलीकडचा माणूस म्हणाला. "भिवंडीला वीटभट्टीवर हाय. शिमग्याला घरी येनार. घरी पानी नाय. म्हटला, तुमच्याकडं राहू. आंघोल तरी होईल."

"खरंच राहायला येणार?"

"खोली दिली तर येनार ना."

आणखी दोनतीन ठिकाणी फोन केले. सगळीकडे खरी माणसं, खरी नावं, साधारण हेच उत्तर. सगळे रिसॉर्टच्या खालच्या एकाच पाड्यावरचे. ठरवून केलं होतं यात शंका नव्हती. पण हे बुकिंग खोटं आहे असं मला लिहिता येईना.

फोटोचं प्रकरण वेगळं होतं. तिथे कुणीतरी सिस्टिमच्या आत जाऊन बदल केला होता. मी लॉग उघडला. कुणी, केव्हा, कुठल्या कॉम्प्युटरवरून लॉगिन केलं याची सिस्टिमने आपोआप ठेवलेली नोंद म्हणजे लॉग. हॅकर परदेशी नव्हता. लॉगिन रिसेप्शनच्याच कॉम्प्युटरवरून झालं होतं, मॅनेजरच्या आयडीने. तो पासवर्ड डेस्कवरच्या सगळ्यांना पाठ होता.

मी हे सांगितल्यावर निखिल सरांचा आवाज चढला. "म्हणजे आपल्याच स्टाफमधलं कुणीतरी. त्या पाड्यावरचे जेवढे आहेत तेवढे आज काढून टाकतो. आणि एफआयआर."

त्या पाड्यावरचे म्हणजे किचन, बाग, हाउसकीपिंग, जवळजवळ अर्धं रिसॉर्ट. त्यातले काही बाहेर व्हरांड्यात उभे होते. ऐकत होते.

"सर, आयडी एक आणि वापरणारे अनेक," मी म्हटलं. "कुणी केलं ते लॉगवरून सिद्ध होत नाही."

"कोर्टात सिद्ध करायचं असतं. नोकरीवरून काढायला काय लागतं?"

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी दारात आली. मनीषा तिचं नाव. जव्हारच्या कॉलेजातून बीकॉम झालेली. हात ब्लेझरच्या खिशात घातलेले.

"सर, फोटो मी लावला. बाकी कुणाला काढू नका."

निखिल सर तिच्याकडे वळले. "तुला हे शिकवलं कुणी?"

"तुम्हीच सर. दिवाळीच्या ऑफरचा फोटो माझ्याकडूनच बदलून घेतला होता."

"काही त्रास होता तर आधी तक्रार करायची होती."

"केली होती. तुमची बोअर मारली त्यानंतर आमचा झिरा आटला. आमची माणसं गेटवर आली, आत सोडली नाय. मग मेल केला. तो डेस्कलाच येतो. मी तुम्हाला पाठवला. दोनदा."

मी निखिल सरांना इनबॉक्स उघडायला सांगितलं. दोन्ही मेल होते. न वाचलेले. सोबत तोच फोटो जोडलेला.

"रोज किती मेल येतात, मॅडम," ते म्हणाले आणि पहिला मेल उघडला.

आमच्या भाषेत मनीषा म्हणजे इनसायडर थ्रेट, आतून असलेला धोका. पासवर्ड तिला कामासाठी दिला होता आणि तिने तो दुसऱ्याच गोष्टीसाठी वापरला. हे रिपोर्टमध्ये लिहिणं मला भाग होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत पाड्यावर गेले. खडकातल्या खळग्यात वाटीने पाणी खरवडत तिची आई बसली होती.

"पोरीला पकडायला आली ती तूच?" तिने विचारलं.

"पकडायचं काम पोलिसांचं, मावशी. मी फक्त झालं ते लिहिते."

"मंग ह्या पन लिही," ती म्हणाली आणि वाटी हंड्यात ओतली. गढूळ पाणी होतं.

झिरा बोअरमुळेच आटला का, ते मला ठरवता येत नाही. ते भूजल खात्याच्या लोकांचं काम. पण एक गोष्ट माझ्या कामात बसत होती. रिपोर्टमध्ये 'घटनेची सुरुवात' असा रकाना असतो. तिथे मी फोटो बदलल्याची तारीख घातली नाही, पहिल्या मेलची घातली.

सामंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे काय? हल्ला तर नंतर झाला."

"पहिला अलर्ट तेव्हा आला होता, सर. क्लायंटने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या केसेसमध्ये आपण असंच लिहितो."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "बरोबर आहे. भाषा थोडी मऊ कर."

भाषा मऊ केली, तारीख तशीच ठेवली.

एफआयआर झाला नाही. कंपनीच्या वकिलाने सल्ला दिला की केस केली तर ते मेलही कोर्टात येतील आणि बोअरच्या परवानगीबद्दलही विचारणा होईल. बाकी कुणाला काढलं नाही. मनीषाची नोकरी मात्र गेली. तिला राग आला असेल म्हणून मी फोन केला, तर म्हणाली, "मॅडम, जाणार हे माहीतच होतं." आता ती मोखाड्याला एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात आहे. पाड्यावरच्यांची बुकिंग रिसॉर्टने रद्द केली आणि कंपाउंडबाहेर एक नळ काढून दिला. शिमग्याला तो चालू होता. नंतर कधी येतो, कधी नाही. भूजलवाले अजून आलेले नाहीत.

साइटवर आता बुकिंगला थोडे पैसे आधी भरावे लागतात आणि डेस्कवरच्या प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आहे. या दोन्ही सूचना माझ्याच. तिसरी सूचना अशी होती की तक्रारीचे मेल कुणीतरी रोज उघडून वाचावेत. ती अजून 'विचाराधीन' आहे. तिला खर्च काहीच नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणी गंभीरपणे बघत नसावं.