रमोनकडचे शुक्रवार

चार मराठी माणसं परदेशात एका टेबलाला बसली की किस्से आपोआप साठत जातात. पुरणासारखे फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि पाहुणे आले की गरम करून वाढायचे. आमच्याकडचे बहुतेक सगळे रमोनकडचे आहेत.

रमोन मूळचा अर्जेंटिनाचा. लंडनमध्ये हॅरोला आमच्या घरामागच्या रस्त्यावर त्याचं छोटंसं स्टेकहाउस होतं. दर शुक्रवारी आम्ही तिथे जमायचो. मी आणि माझा नवरा श्रीकांत, जोगळेकर आणि त्यांची बायको शैला, आणि एकटा जीव कांबळे. तिघेही पुरुष एकाच हॉस्पिटलात डॉक्टर!

*

इंग्लंड आणि अर्जेंटिनात फॉकलंडचं युद्ध सुरू झालं तेव्हा रमोनने घाबरून दारावरची पाटी बदलली आणि 'मेडिटरेनियन ग्रिल' अशी नवी लावली. आत तीच शेगडी, तोच मेनू, तोच रमोन. श्रीकांतने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बघ, मेडिटरेनियन चवच वेगळी!"

हा माणूस हॉस्पिटलात रोगाचं निदान करतो.

*

शैला शाकाहारी. मांस नको म्हटल्यावर रमोनने अगदी समजूतदारपणे चिकन आणलं. तेही नको म्हटल्यावर हॅम! शेवटी एक भाजलेला बटाटा आणि त्यांची ती चिमीचुरी नावाची हिरवी चटणी आली. शैलाने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "ह्यात मिरची घालायला विसरलाय का हा?" पर्समधली मिरची घेऊन ती तरातरा किचनमध्ये गेली. पर्समध्ये मिरची का होती, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर 'शैला सॉस' लिहिलेला होता. नवऱ्याने कधी केलं नाही तेवढं कौतुक एका मांसवाल्याने केलं, असं ती अजून ऐकवते.

*

आता जोगळेकर. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, गणपतीत सोवळं नेसून पूजा करणारे. "बाहेर चालतं, घरात नाही," हा त्यांचा नियम. त्यामुळे शैलाच्या बटाट्यासमोर दर शुक्रवारी त्यांचा स्टेक.

एकदा गप्पांच्या नादात लहानपणची सवय उफाळून आली. त्यांनी ग्लासातलं पाणी हातावर घेऊन स्टेकभोवती फिरवलं, उजवीकडे पाच तुकडे मांडले आणि डोळे मिटून चित्राहुतीचे मंत्र पुटपुटले!

कांबळे म्हणाला, "जोग्या, यमाला वेल डन चालतं ना?"

जोगळेकर ओशाळले, पण सवय सुटेना. दर शुक्रवारी पाणी, दर शुक्रवारी तुकडे. रमोन काउंटरमागून मोठ्या आदराने बघत राहायचा.

*

मग इंग्लंडच्या गाईंना मॅड काउ रोग झाल्याची बातमी आली आणि मंडळातल्या सगळ्यांना एकदम धर्म आठवला. जोगळेकर तर गोमातेवर बोलायला लागले.

कांबळे कधी काही लपवून खात नसे. तो म्हणाला, "माता होती तेव्हा खाल्लीत, वेडी झाल्यावर सोडलीत होय रे?"

महिनाभरात रमोनने दाराला कागद चिकटवला, 'आमच्या गाई अर्जेंटिनाच्या. एकदम शहाण्या!' त्या शुक्रवारी जोगळेकर सगळ्यांच्या आधी हजर.

*

त्याच सुमारास जोगळेकरांच्या आई, माई, पुण्याहून आल्या. वडील गेल्यापासून त्या तिकडे एकट्याच होत्या. त्यांनी आता इथेच कायमचं राहावं म्हणून जोगळेकर जिवाचं रान करत होते. माई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. "बघते तुमचं कसं काय आहे ते," एवढंच. स्टेकचं कळलं तर माई पहिल्या विमानाने परत जातील, या भीतीने जोगळेकरांची झोप उडाली होती. खरं सांगते, त्यांची दया यायची.

आणि माईंनी हट्ट धरला, "दर शुक्रवारी जाता ते हॉटेल बघायचंय मला."

जोगळेकर आधी जाऊन रमोनला बजावून आले, "आज आई येतेय. मला फक्त बटाटा."

आम्ही बसलो. माईंना बटाटा आला, शैलाला बटाटा आला. मग रमोन स्वतः आला, स्वच्छ एप्रन बांधून, हातात चरचरणारा सगळ्यात मोठा स्टेक घेऊन. "आईच्या समोर मुलाने बटाटा खायचा? माझ्या हॉटेलात? कधीच नाही!" असं म्हणत त्याने प्लेट जोगळेकरांपुढे ठेवली, ग्लासातलं पाणी ओंजळीत घेऊन भक्तिभावाने प्लेटभोवती फिरवलं, पाच तुकडे कापून कडेला मांडले आणि माईंना वाकून म्हणाला, "मॅडम, तुमचा मुलगा नेहमी असंच जेवतो."

श्रीकांतने माईंना त्याचं मराठी करून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा अचूक!

जोगळेकरांचा चेहरा पांढराफटक.

माईंनी चष्मा लावून ती प्लेट निरखली. मग म्हणाल्या, "पाणी उलटं फिरवलंन त्याने. असू दे. मी आहेच आता इथे, शिकवीन त्याला."