सातवी गाथा राहिली

मुलांच्या बाबांनी हात वर केला तो खिरीच्या दुधासाठी. निदान त्यांची समजूत तरी तशी होती.

तेव्हा आम्ही चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहत होतो. मुलांचे बाबा खाणीत, जमिनीच्या पोटात मँगनीज काढायच्या कामावर होते. वैशाख पौर्णिमा महिना-दीड महिन्यावर आली की विहारात सभा व्हायची. मंडप कोण घालणार, भांडी कोण आणणार, खिरीचं दूध कोणाकडून, हे सगळं तिथं ठरायचं. त्या वर्षी हे रातपाळी करून थेट सभेला जाऊन बसले आणि भिंतीला पाठ टेकताच त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कुणीतरी विचारत होतं, "मंग कोण करते बाप्पा?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. दुधाचंच चाललं असणार, असं समजून यांनी हात वर केला. टाळ्या वाजल्या. दुधाला कुणी टाळ्या वाजवत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

घरी आले ते चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"आपल्याले सुत्त म्हणायचं आहे," ते म्हणाले.

"कोणाले?"

"आपल्या घराले. सगळ्याइले. पौर्णिमेले, माइकवर. पाठ."

झालं होतं असं, की दर वर्षीच्या लांबलचक भाषणांना लोक कंटाळले होते. भंतेजींनीच सुचवलं होतं, की या वेळी एका घरानं, लहानथोर मिळून, बुद्धांच्या उपदेशाचं, बारा गाथांचं ते पाली सुत्त पुस्तक हातात न घेता म्हणावं. खरं मंगल कशाला म्हणावं ते त्यात सांगितलं आहे. विहारात दर रविवारी आम्ही ते म्हणतच होतो.

"म्हणतच तर असतो आपण," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

त्याच संध्याकाळी आम्ही पाचही जण सतरंजीवर बसलो. मी, हे, चौथीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई बपेऱ्याला दिरांकडे राहायच्या. मोहफुलं वेचून, वाळवून झाली की दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायच्या आणि मृगाच्या आधी परत जायच्या. हे त्यांना माय म्हणायचे, मीही मायच म्हणायची.

सगळ्यांनी मिळून म्हटलं तेव्हा कसंबसं पार पडलं. मग मुलीनं विचारलं, "एकेकटं म्हणून पाहू?" आणि तिथं आमची फजिती झाली. विहारात शंभर तोंडं असतात. एकाला शब्द आठवला नाही तर दुसऱ्याला आठवतो, आपण फक्त मागं मागं जायचं. घरात तसं कुणी नव्हतं. मी चौथ्या गाथेत अडकले. हे दुसऱ्यातच. सासूबाईंना सुरुवात येत होती आणि शेवट येत होता, मधलं सगळं गुणगुणणं. मुलाला तर एवढंच ठाऊक होतं, की बहुतेक गाथांच्या शेवटी तेच ते शब्द येतात. तेवढे तो छाती फुगवून ओरडायचा आणि पुढच्या शेवटाची वाट बघत गप्प बसायचा.

मुलगी काही घाबरली नाही. गोंदिया वेगळा झाल्यावर आमच्या जिल्ह्यात सातच तालुके उरले होते, ते ती एका दमात म्हणून दाखवायची. "सात येतात, तं बारा काहून नाही येणार?" ती म्हणाली आणि त्या दिवसापासून आमची गुरुजी झाली.

विहारातून एक छोटी पुस्तिका आणली. पाठांतराची वेळ बाबांच्या पाळीवर ठरायची. पहिली पाळी असली की दुपारच्या चहानंतर, दुसरी असली की ते डबा घेऊन निघायच्या आधी. ते सायकलवर टांग टाकत असताना मुलगी ओसरीवरून विचारायची, "बाबा, पाचवी?" आणि पाचवी पूर्ण झाल्याशिवाय त्यांना जाऊ द्यायची नाही. शेजारणी नळावर हंडे लावून गंमत बघत उभ्या राहायच्या. चुकलं की उठाबशा. मोठ्यांनासुद्धा. मी माझ्या काढल्या, बाबांनी त्यांच्या काढल्या, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे माफी होती. त्यावरून मुलगा रोज भांडायचा, "आजीचे गुडघे दुखतात, तं माहे नाही दुखत का?"

सासूबाईंची अडचण वेगळी होती. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि नुसतं कानानं ऐकलेलं त्यांच्याजवळ टिकेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवलं.

"मले अर्थ सांग वं बाई," त्या मला म्हणाल्या. "काय बोलून राहिलो हेच मालूम नाही, तं ध्यानात काय राहीन?"

पुस्तिकेत खाली बारीक अक्षरात मराठी अर्थ दिलेला होता. तोवर आमच्यापैकी कुणी तो नीट वाचलाच नव्हता. मी एकेक गाथा वाचत गेले आणि सासूबाई प्रत्येक गाथेत आपल्या ओळखीची माणसं बसवत गेल्या. मूर्खाची संगत धरू नये, हे ऐकल्याबरोबर त्यांना बपेऱ्यातला एक जण आठवला. त्याचं नाव त्यांनी एवढ्या मोठ्यानं घेतलं, की मी खिडकी लावून घेतली. आईवडिलांची सेवा, बायकापोरांचा सांभाळ, असं आलं तेव्हा त्यांनी आपल्या लेकाकडे, म्हणजे यांच्याकडे, नुसतं बघितलं. हे लगेच उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.

मग गाथांना नंबर राहिलेच नाहीत, नावं पडली. मूर्खाची गाथा. मायबापाची गाथा. सहावी सोयऱ्यांची. आणि सातवी, ज्यात पापापासून दूर राहावं आणि दारू पिऊ नये असं आहे, ती दारूची गाथा.

दारूच्या गाथेपाशी मुलगी थांबली. "बाबा, यात खर्रा येते का?"

बाबांच्या गालात त्या वेळी खर्राच होता. "नाही," ते तोंड वर करून कसंबसं म्हणाले. "यात दारूचंच लिहिलं आहे."

"त्या वक्ती खर्रा निघाला नसन," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे इतके हसलो, की त्या दिवशी पुढं काही झालंच नाही. खर्रा काही सुटला नाही. पण तोंडात सुपारी-तंबाखू असताना पालीतले जोडशब्द नीट येत नाहीत, हे मात्र यांना कळलं. पाठांतराला बसायच्या आधी पुडी खिडकीत ठेवायची, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला.

अकराव्या गाथेचा दिवस मला वेगळा आठवतो. लाभ-हानी, निंदा-स्तुती, काहीही आलं तरी ज्याचं मन हलत नाही, त्याचं ते मंगल, असा तिचा अर्थ मी वाचला. एरवी सासूबाई लगेच कुणाचं तरी नाव घ्यायच्या. या वेळी घेतलं नाही. मुलानं विचारलं, "आजी, हे कोणाची?"

"कोणाचीच नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून बोलल्या, "तुहा सासरा गेला तवा माहं मन लय हाललं होतं बाई. वरीसभर काही समजेच ना. जेवलो का नाही तेही समजेना."

सासरे गेले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मी त्यांना फोटोतच बघितलेलं. "मग कसं सावरलं, माय?"

"रोवणा आला. चिखलात उभं राहा लागे, धानाचे रोप लावा लागे. बाया बोलत, हासत. हात कामाले लागले, तं मन मांगून मांगून आलं." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "हे गाथा मी नीट शिकतो. बाकीचे चुकले तरी चालन."

मुलांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण मुलगी त्या दिवशी गुरुजीपणा विसरून आजीला टेकून बसली होती आणि तीच गाथा दोघी हळूहळू, पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेलो. कॉलनी तर होतीच, आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. मुलाचं तोंड माइकला पुरेना म्हणून त्याला एका पाटावर उभं केलं. मी मनात चौथी गाथा पुन्हा पुन्हा घोकत होते. हे मात्र निर्धास्त होते. खाली खाणीत यंत्रांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, त्यामुळं त्यांच्या आवाजाला एकच पट्टी होती. ती माइकशिवायही विहाराबाहेर जायची.

सुरुवात झाली. मूर्खाची गेली, मायबापाची गेली, सोयऱ्यांची गेली. प्रत्येक शेवटाला मुलगा पाटावरून अशी आरोळी ठोकायचा, की पुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावत होत्या. शेवट सारखा असला की घसरायला सोपं जातं. सहावी संपली आणि यांनी आपल्या दणदणीत आवाजात थेट आठवी सुरू केली. मी त्यांच्या मागं गेले. सासूबाई गेल्या. मुलाला तर शेवटच म्हणायचा होता, त्याला काही फरक पडत नव्हता.

फक्त मुलगी थांबली. तिनं हात वर केला आणि समोर माइक आहे हे विसरून ओरडली, "बाबा! दारूची राह्यली!"

 मागून, यांच्याच पाळीतल्या एका सोबत्याचा आवाज आला, "काहून भाऊ, नेमका दारूचीच भुलला?"

मग जो हशा उठला तो काही थांबेना. भंतेजींनी चीवराचं टोक तोंडावर धरलं होतं, पण त्यांचे खांदे हलत होते. यांचा चेहरा लालबुंद झाला. ते माइकमध्येच म्हणाले, "मी पेत नाही ना बाप्पा! सगळ्याइले मालूम आहे!" त्यावर आणखी हसू.

मला वाटलं, आता मुलगी रडणार. पण ती कमरेवर हात ठेवून, उठाबशा काढायला लावताना उभी राहायची तशी उभी होती.

हसू ओसरल्यावर भंतेजी म्हणाले, "पित नाही ना? मग ती गाथा मोठ्यानं म्हणा."

आणि यांनी म्हटली. एकट्यानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही चूक न करता. मुलीनं मान डोलावून परवानगी दिली, तेव्हा आम्ही सगळे पुढं निघालो. यांचा आवाज आता खाली आला होता. कदाचित लाजेनं, कदाचित जपून म्हणत असतील. त्यामुळं अकराव्या गाथेला माझ्या शेजारून सासूबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला. घोगरा होता, पण कुठंही अडखळत नव्हता.  तो नीट ऐकता यावा म्हणून पुढचे शब्द मी मनातच म्हटले.

नंतरच्या जेवणात यांनी खीर वाढायचं काम घेतलं. ती त्यांची चूकच झाली. जो तो ताट पुढं करून म्हणायचा, "सातवी म्हण, मंगच वाढ." चार-पाच पंगती उठेपर्यंत त्यांनी ती कितीदा म्हटली असेल देव जाणे, असं मी म्हणणार होते, पण आमच्याकडे तसं म्हणायची रीत नाही. पुढं कितीतरी दिवस खाणीत त्यांना त्यावरून चिडवत होते. ते घरी येऊन सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मृगाच्या आधी सासूबाई बपेऱ्याला परत गेल्या. बसमध्ये बसवून आलो तेव्हा घर रिकामं रिकामं वाटलं. रोवणा आटोपल्यावर दिरांचा फोन आला. बपेऱ्याच्या विहारात मायनं संध्याकाळी पोरी जमवल्या होत्या. आधी अर्थ सांगायची, मग शब्द. शब्दांत कुठं अडलं की म्हणायची, थांबा, माही नात आली का तिले विचारू. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पोरीला पाठवून द्या, असा निरोप होता.

मुलीनं माझ्या हातून फोन घेतला.

"काका, किती पोरी आहेत?" तिनं विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं थोडा विचार केला.

"येतो मी," ती म्हणाली. "पण आजीले सांगून ठेवा, पोरीइचे गुडघे दुखत असले तरी मी माफी देत नाही."